होमिओपॅथी डॉक्टरांच्या संघटना काय करतात, काय करू शकत नाहीत: पुण्यातून वारंवार येणारे प्रश्न

रुग्ण, त्यांचे नातेवाईक, इंटर्नशिप संपवून नुकतीच बाहेर पडलेली मुलं आणि अधूनमधून एखादा वैतागलेला औषध दुकानदार, अशा सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः होमिओपॅथी डॉक्टर आहे आणि काही वर्षं एका संघटनेच्या पुणे शाखेचं काम पाहिलं आहे. संघटनांबद्दल मला आपुलकी आहे, पण त्यांच्या हातात किती असतं हेही ठाऊक आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एखादी गोष्ट आधीच्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. होमिओपॅथीची संघटना आणि होमिओपॅथी परिषद एकच ना? फोन कुणाला करायचा?

एकच नाही. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

महाराष्ट्र होमिओपॅथी परिषद कायद्याने स्थापन झालेली आहे. मुंबई राज्य असताना होमिओपॅथी व बायोकेमिक व्यवसायींसाठी १९५९ चा अधिनियम झाला, तो तिचा पाया. तिचं कार्यालय मुंबईत आहे. डॉक्टरची नोंदणी करणं, नोंदणीचं नूतनीकरण करणं, गैरवर्तनाची चौकशी करणं आणि वेळ आली तर नोंदवहीतून नाव काढणं ही तिची कामं. परिषदेत नाव नसेल तर महाराष्ट्रात होमिओपॅथीचा व्यवसाय करता येत नाही.

संघटना डॉक्टरांनी आपणहून एकत्र येऊन काढलेल्या असतात. बहुतेकींची नोंदणी सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे असते. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमच्या पेठेतलं गणेश मंडळ आणि डॉक्टरांची संघटना एकाच रांगेत बसतात. संघटना वर्गणी घेते, व्याख्यानं ठेवते, निवेदनं देते. परवाना देत नाही आणि काढूनही घेत नाही.

ऍलोपॅथीतही हीच रचना आहे. इंडियन मेडिकल असोसिएशन ही संघटना, महाराष्ट्र वैद्यक परिषद ही नियामक. तिथेही लोक तक्रार घेऊन आधी असोसिएशनकडे जातात.

२. दिल्लीत कुणाचं राज्य चालतं? सेंट्रल कौन्सिल, आयोग, सीसीआरएच अशी बरीच नावं ऐकू येतात.

१९७३ च्या कायद्याने केंद्रीय होमिओपॅथी परिषद आली. अभ्यासक्रम, महाविद्यालयांची मान्यता आणि केंद्रीय नोंदवही तिच्याकडे होती. २०१८ मध्ये ती बाजूला सारून तिच्या जागी नियामक मंडळ नेमलं गेलं. पुढे २०२० चा राष्ट्रीय होमिओपॅथी आयोग अधिनियम आला आणि जुलै २०२१ मध्ये आयोग प्रत्यक्ष कामाला लागला. आयोगाखाली तीन मंडळं आहेत: एक शिक्षणासाठी, दुसरं महाविद्यालयांचं मूल्यमापन व मानांकन करणारं आणि तिसरं नीतिनियम व नोंदणी पाहणारं. रुग्णाचा संबंध आलाच तर या तिसऱ्याशी.

सीसीआरएच म्हणजे केंद्रीय होमिओपॅथी संशोधन परिषद. ती संशोधन करते, डॉक्टरांवर तिचा अंमल नाही. नावात ‘परिषद’ असल्यामुळे तिच्या पत्त्यावरही तक्रारी जातात, आणि तिथून अर्थातच काही होत नाही.

३. आमच्या सोसायटीजवळ नवा दवाखाना उघडलाय. डॉक्टर खरा आहे का, कसं बघू?

नोंदणी क्रमांक विचारा. दवाखान्यात, चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पावतीवर तो असायला हवा. क्रमांक आणि नाव परिषदेच्या नोंदवहीशी पडताळून घ्या. भिंतीवरच्या चौकटींकडे पाहून काही ठरवू नका. सर्वांत मोठी, सोनेरी किनारीची चौकट बहुतेक वेळा एखाद्या संघटनेच्या आजीव सदस्यत्वाची किंवा परिसंवादाला हजर राहिल्याची असते.

विचारायला संकोच वाटतो असं बरेच जण म्हणतात. नोंदणी असलेल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग यायचं कारण नाही. आलाच, तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

४. नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर एल.सी.ई.एच. लिहिलंय, बीएचएमएस नाही. बोगस आहेत का?

बहुधा नाहीत. एल.सी.ई.एच. ही मुंबईच्या कोर्ट ऑफ एक्झामिनर्सची जुनी अर्हता. महाराष्ट्रात अनेक वर्षं तिच्यावरच दवाखाने चालले आणि ती मान्यताप्राप्त यादीत आहे. डी.एच.एम.एस. ही पदविकाही तशीच. एकसारख्या पदवी अभ्यासक्रमाचे नियम १९८३ मध्ये आले, त्यानंतर हळूहळू बीएचएमएस सगळीकडे रुळलं: साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. पाटीवरची अक्षरं जुनी असली तरी नोंदणी चालू आहे का, एवढंच पाहायचं. कसं, ते प्रश्न ३ मध्ये आहे.

५. आमचे डॉक्टर कोणत्याच संघटनेत नाहीत. हे वाईट का?

नाही. सदस्यत्व ऐच्छिक आहे. पुण्यात कित्येक उत्तम डॉक्टर कधीच कुठल्या संघटनेच्या वाटेला गेलेले नाहीत.

६. परवाना देता येत नाही, शिक्षा करता येत नाही. मग संघटना करते तरी काय?

बरंच करते, पण ते रुग्णाला सहसा दिसत नाही.

सगळ्यात नियमित काम म्हणजे रविवारची व्याख्यानं. दवाखाना एकट्याचा असतो. सकाळ-संध्याकाळ एकटंच बसायचं, अडलेल्या केसबद्दल बोलायला शेजारी कोणी नाही. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस जण जमतात, कोणी त्वचारोगाची केस मांडतं, कोणी बिनसलेली केसही मांडतं. माझ्या मते संघटनेचं खरं मोल इथे आहे. बिनसलेल्या केसवर जी संघटना मोकळेपणाने बोलू देते ती चांगली, हा माझा साधा निकष.

दुसरं काम प्रसाराचं. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांचा जन्म १० एप्रिल १७५५ चा, म्हणून १० एप्रिलला जागतिक होमिओपॅथी दिन असतो. त्या आठवड्यात शिबिरं, शाळांमधली भाषणं, वर्तमानपत्रांतले लेख यांची गर्दी होते. पुण्यात एरंडवण्यात धोंडुमामा साठे महाविद्यालय, धनकवडीत भारती विद्यापीठाचं आणि पिंपरीत डी. वाय. पाटील यांचं महाविद्यालय आहे. त्यामुळे शिबिराला विद्यार्थ्यांचे हात कमी पडत नाहीत.

तिसरं काम पाठपुराव्याचं. सरकारी भरतीत होमिओपॅथीच्या जागा, महाविद्यालयांतल्या रिक्त पदांचे प्रश्न, इंटर्नचं विद्यावेतन, सीसीएमपी या आधुनिक औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा वाद (प्रश्न ११) यांसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणारे संघटनेचेच लोक असतात. व्यावसायिक दायित्वाचा सामूहिक विमाही काही संघटना मिळवून देतात. सदस्य होणाऱ्यांपैकी बरेच जण, खरं सांगायचं तर, त्यासाठीच येतात.

देशपातळीवर होमिओपॅथिक मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया १९७५ पासून आहे. जागतिक पातळीवरची लिगा मेडिकोरम होमिओपॅथिका इंटरनॅशनॅलिस १९२५ मध्ये रॉटरडॅमला स्थापन झाली. २०११ ची तिची परिषद दिल्लीत भरली होती. अमेरिकेत तर होमिओपॅथीच्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना १८४४ ची, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या तीन वर्षं आधीची. त्या दुसऱ्या संघटनेने आपल्या नीतिनियमांत होमिओपॅथांशी सल्लामसलत करायला आपल्या डॉक्टरांना मनाई केली होती. डॉक्टरांच्या संघटनांची आपसातली भांडणं पुण्यात सुरू झालेली नाहीत.

७. डॉक्टरबद्दल तक्रार आहे. नक्की कुठे करू? संघटनेला पत्र दिलं, उत्तर आलं नाही.

तक्रार कशाबद्दल आहे त्यावर जागा ठरते, आणि चुकीच्या दारात गेलं की महिने वाया जातात.

डॉक्टर नोंदणीकृत आहे पण वागणं व्यवसायाला शोभणारं नाही, खोटं प्रमाणपत्र दिलं, रुग्णाची गुप्त माहिती बाहेर सांगितली, उपचारात बेपर्वाई केली: अशी तक्रार महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे करा. लेखी करा आणि सोबत चिठ्ठ्या, पावत्या, तपासण्यांचे अहवाल यांच्या प्रती जोडा. मूळ कागद देऊ नका. परिषद डॉक्टरचं म्हणणं मागवते, सुनावणी घेते. डॉक्टरला निर्णय मान्य नसेल तर त्याला राष्ट्रीय आयोगाच्या नीतिनियम मंडळाकडे अपील करता येतं. परिषद तुम्हाला नुकसानभरपाई मात्र देत नाही.

पैशांची भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाकडे जा. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं आहे. सेवेसाठी तुम्ही दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर पुण्यातला जिल्हा आयोग, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत. इथे एक खाच आहे. जिथे सगळ्यांनाच पूर्ण मोफत सेवा दिली गेली, तिथे ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. त्यामुळे संघटनेच्या मोफत शिबिरात घेतलेल्या औषधाची तक्रार परिषदेकडेच न्यावी लागते.

औषधात भेसळ, लेबल नसणं, मुदत संपलेली बाटली: अन्न व औषध प्रशासन. पदवीच नसलेला माणूस दवाखाना चालवत असेल तर पोलीस आणि पुणे महापालिकेचा आरोग्य विभाग. ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य अधिकारी. तो शिक्षापात्र गुन्हा आहे.

आणि संघटना? डॉक्टर तिचा सदस्य असेल तर ती त्याला बोलावून समज देऊ शकते, दोघांना समोरासमोर बसवू शकते. फी, उद्धट बोलणं, कागद न देणं असे किरकोळ वाद इथे खरंच मिटतात. गंभीर प्रकरणात मात्र संघटनेच्या उत्तराची वाट पाहत दोन वर्षांची मुदत घालवू नका. सदस्यांच्या वर्गणीवर चालणारी संस्था त्याच सदस्याविरुद्ध कितपत कठोर होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

८. संघटनेने एका डॉक्टरला काढून टाकलं अशी बातमी वाचली. त्याचा दवाखाना अजून चालू कसा?

कारण त्याची नोंदणी शाबूत आहे. हकालपट्टीने त्याला संघटनेच्या सभेत बसता येणार नाही, इतकंच. उलटंही घडतं: परिषदेने नाव निलंबित केलेला माणूस संघटनेच्या यादीत सदस्य म्हणून झळकत असतो, कारण याद्या कोणी ताज्या करत नाही.

९. माझी इंटर्नशिप संपली. संघटनेची आजीव वर्गणी भरली, पावती आहे. प्रॅक्टिस सुरू करू?

थांब. ही पावती वर्गणीची आहे, नोंदणीची नाही. परिषदेत कायम नोंदणी झाल्याशिवाय पाटी लावू नकोस. हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि दोष मुलांचा नसतो. पदवीदान समारंभाबाहेर टेबल मांडून ‘मेंबरशिप करून घ्या’ म्हणणारे हा फरक सांगत नाहीत. नोंदणीचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण असतं, तेही लक्षात ठेव; पत्ता बदलला की परिषदेला कळव, नाहीतर सूचना जुन्या घरी जात राहतील.

१०. एका संस्थेने ‘इलेक्ट्रोहोमिओपॅथी’ची पदवी देऊ केली आहे. त्यांचीही अखिल भारतीय संघटना आहे म्हणतात. चालेल?

इलेक्ट्रोहोमिओपॅथी म्हणजे होमिओपॅथी नव्हे. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या मात्तेई यांनी काढलेली ती वेगळी पद्धत आहे. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात ती मान्यताप्राप्त पद्धतींत घेतलेली नाही. अशा पद्धतींच्या पदव्या दिल्या जाऊ नयेत आणि ‘डॉक्टर’ हे बिरुद मान्यताप्राप्त पद्धतींच्या नोंदणीकृत व्यावसायिकांनीच लावावं, असं राज्यांना कळवलं. या पदवीवर होमिओपॅथी परिषदेत नोंदणी होत नाही.

संघटना अखिल भारतीय असणं याला काही अर्थ नाही. सात जण मिळून नावात ‘अखिल भारतीय’ घातलेली सोसायटी नोंदवू शकतात. संघटनांनी स्वतः दिलेल्या ‘फेलोशिप’ आणि मानद पदव्यांचंही तसंच. अभ्यासाची आवड म्हणून ठीक, पण नावापुढे अर्हता म्हणून लावायच्या त्या फक्त मान्यताप्राप्त.

११. सीसीएमपी केलेला होमिओपॅथ ऍलोपॅथीची औषधं देऊ शकतो का? हो म्हणणारेही डॉक्टर, नाही म्हणणारेही डॉक्टर.

संघटनांची ताकद आणि मर्यादा दोन्ही पाहायच्या असतील तर याहून चांगलं उदाहरण नाही.

आधी घटनाक्रम. खेड्यापाड्यांत आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांत डॉक्टर कमी, होमिओपॅथ भरपूर, आणि त्यांतले बरेच जण तशीही ऍलोपॅथीची औषधं देत होते. होमिओपॅथी संघटनांनी अनेक वर्षं मागणी लावून धरली. २०१४ मध्ये राज्याने होमिओपॅथी अधिनियम आणि महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम या दोन्हींत दुरुस्ती केली. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना मर्यादित स्वरूपात आधुनिक औषधं देता येतील, अशी ही तरतूद. अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. इंडियन मेडिकल असोसिएशन लगेच उच्च न्यायालयात गेली.

प्रश्न पुन्हा पेटला तो २०२५ मध्ये. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने सीसीएमपी झालेल्यांची वेगळ्या नोंदवहीत नोंद करायचं जाहीर केलं. आयएमएने संपाचा इशारा दिला, जुलैमध्ये सरकारने पाऊल मागे घेऊन समिती नेमली. मग होमिओपॅथी संघटना आंदोलनात उतरल्या. सप्टेंबरमध्ये सरकारने नोंदणी सुरू करायला सांगितलं आणि १८ सप्टेंबरला ऍलोपॅथी डॉक्टरांनी राज्यभर एक दिवसाचा संप केला. प्रकरण न्यायालयातही आहे, त्यामुळे तुम्ही हे वाचाल त्या दिवशीचा ताजा आदेश पाहूनच पुढचं पाऊल टाका.

दोन्ही बाजूंच्या संघटना रुग्णहिताचं नाव घेतात. एक म्हणते खेड्यात दुसरा डॉक्टर येत नाही, दुसरी म्हणते एका वर्षात औषधशास्त्र येत नाही. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे. माझं मत विचाराल तर, जो डॉक्टर दिवसभर प्रतिजैविकं लिहितो त्याला ती शिकवलेली असावीत हे मला पटतं; पण आमच्या संघटनांनी आपल्याच शास्त्राच्या प्रसारावर जेवढा घाम गाळला त्याहून अधिक दुसऱ्या शास्त्राची औषधं लिहिण्याच्या हक्कासाठी गाळला, हे मला बोचतं. आमच्या बैठकांत हे बोललं की शांतता पसरते.

सीसीएमपी न केलेल्या होमिओपॅथाबद्दल उत्तर साधं आहे: नाही. का, ते पुढच्या प्रश्नात.

१२. होमिओपॅथ डॉक्टरने ऍलोपॅथीची गोळी दिली आणि त्रास झाला तर?

१९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक इंटर्नने वाचावा. मुंबईतला एक तरुण जुलै १९९२ मध्ये तापाने आजारी पडला. नोंदणीकृत होमिओपॅथने आधी विषाणूजन्य ताप आणि मग टायफॉइड समजून ऍलोपॅथीची औषधं दिली. रुग्ण दगावला. न्यायालयाने म्हटलं की ज्या पद्धतीची अर्हता नाही त्या पद्धतीने उपचार करणं हाच निष्काळजीपणा. तो वेगळा सिद्ध करायची गरज नाही. पत्नीला तीन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला.

तेव्हा तक्रार करणाऱ्याचं काम इथे तुलनेने सोपं असतं. दारं तीच, प्रश्न ७ मधली. डॉक्टरला सीसीएमपीचा आधार आहे का, हे सुरुवातीलाच लेखी विचारून ठेवा.

१३. ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘उंची वाढवा’ अशा जाहिराती होमिओपॅथीच्या नावाने येतात. संघटना गप्प का?

१९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा, म्हणजे ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज ऍक्ट, होमिओपॅथीलाही लागू आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, अपस्मार, लठ्ठपणा, पक्षाघात, काचबिंदू आणि माणसाची उंचीसुद्धा आहे. या आजारांवर औषधाचा दावा करणारी जाहिरात छापणं हाच गुन्हा, औषध कुठलंही असो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. नोंदणीकृत डॉक्टरचं नाव असेल तर प्रत परिषदेलाही पाठवा.

संघटना गप्प असतात याची दोन कारणं. मोठ्या साखळी दवाखान्यांचे मालक बहुधा सदस्य नसतात, त्यामुळे समज देणार कोणाला? आणि दुसरं जरा अवघड: स्मरणिकेच्या मलपृष्ठाची जाहिरात कुठून येते, तेही पाहायला हवं. एका संघटनेच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा तो ‘इतर विषयां’त ढकलला गेला.

१४. डॉक्टर पांढऱ्या गोळ्यांची डबी देतात, औषधाचं नाव सांगत नाहीत. नियम काय?

स्वतःच्या रुग्णाला स्वतः औषध देणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला दुकानाचा परवाना लागत नाही. औषध नियमांतली ही सवलत जुनी आहे आणि आमचा सगळा व्यवसाय तिच्यावर उभा आहे. सवलत परवान्यापुरती आहे, नाव लपवण्यासाठी नाही. ‘नाव कळलं तर रुग्ण दुकानातून आणेल आणि परत येणार नाही’ हे खरं कारण असतं. तुम्ही औषध, त्याची पोटन्सी (तीव्रतेचा आकडा, जसं ३०) आणि मात्रा लिहून मागा. उद्या दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली, डॉक्टर बदलावा लागला, तर तोच कागद उपयोगी पडतो. चांगल्या संघटना सदस्यांना चिठ्ठी लिहायची सवय लावतात. सक्ती मात्र त्या करू शकत नाहीत.

१५. दुकानातल्या होमिओपॅथी औषधांचा दर्जा संघटना तपासते का?

नाही. औषधं १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. होमिओपॅथीसाठी वेगळा दुकान परवाना असतो, आणि औषधांची मानकं भारतीय होमिओपॅथिक फार्माकोपियात दिलेली असतात. तिचा पहिला खंड १९७१ चा. बारा टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेलं औषध किरकोळ विक्रीत ३० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत देता येत नाही, हाही नियम. ‘मदर टिंक्चरची (मूळ अर्काची) मोठी बाटली का देत नाही’ म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

१६. कोविडमध्ये संघटनांनी आमच्या सोसायटीत आर्सेनिकम अल्बम ३० वाटलं. म्हणजे ते सिद्ध झालेलं होतं ना?

नाही. जानेवारी २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने प्रतिबंधक म्हणून त्याची सूचना केली. संघटनांनी ती उचलली, आणि पाहता पाहता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत, पोलीस वसाहतींत डब्या पोहोचल्या. आमचे कार्यकर्ते दिवसरात्र राबले, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण वाटप झालं म्हणजे परिणाम सिद्ध झाला असं होत नाही, आणि या गोळ्यांनी कोविड टळतो असा भक्कम पुरावा पुढे आला नाही. ‘आम्ही इतक्या लाख डब्या वाटल्या’ हे वाक्य संघटनेच्या अहवालात शोभतं. औषध लागू पडलं का, याचं उत्तर त्यात नसतं.

मोठा प्रश्न असा की होमिओपॅथीच्या परिणामकारकतेवरच जगभर वाद आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे आढावे तपासून म्हटलं की कोणत्याही आजारात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. आमच्या संघटनांनी त्या अहवालाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. तरी जगभरच्या वैज्ञानिक संस्थांचा कौल साधारण त्याच बाजूचा आहे. माझा व्यवसाय यावर चालतो, तरीही हे लपवून ठेवणं मला बरं वाटत नाही. संघटना प्रसारासाठी असते. तिच्या पत्रकाला पुरावा समजू नका, आणि ताप उतरत नसेल, दम लागत असेल, छातीत दुखत असेल, तर पत्रक बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

१७. इंग्लंडमध्ये म्हणे होमिओपॅथ डॉक्टर नसला तरी चालतो. तिथे लगाम कोणाच्या हातात?

तिथे ‘होमिओपॅथ’ हा शब्द कायद्याने राखीव नाही, कोणीही लावू शकतं. म्हणूनच तिथे संघटनांना आपल्यापेक्षा जास्त वजन आहे: सदस्यत्व हीच काय ती खूण. डॉक्टर असलेल्या होमिओपॅथांच्या फॅकल्टीला १९५० चा वेगळा कायदा आहे. बिगरडॉक्टर होमिओपॅथांची सोसायटी ऑफ होमिओपॅथ्स १९७८ ची. तिच्या नोंदवहीला प्रोफेशनल स्टँडर्ड्स ऑथॉरिटी या संस्थेची मान्यता होती. स्वमग्नतेवर उपचाराचे दावे करणाऱ्या सदस्यांना आवर घालण्यावरून प्रश्न उठले आणि जानेवारी २०२१ मध्ये ती मान्यता निलंबित झाली. सदस्यांची बाजू घेणं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणं ही दोन्ही कामं एकाच संस्थेवर सोपवली की काय होतं, ते यात दिसतं. आपल्याकडे परिषद वेगळी ठेवली आहे, तिची कामाची गती कशीही असो.

१८. परिषदेवर निवडून येणारे लोक संघटनांचेच असतात. मग परिषद वेगळी कशी?

प्रश्न नेमका आहे. परिषदेच्या कायद्यात डॉक्टरांनी निवडून दिलेल्या सदस्यांची तरतूद आहे, आणि निवडणूक म्हटली की पॅनेल आलं. पॅनेल संघटनाच उभं करू शकतात, कारण गावोगावचे मतदार त्यांच्याच यादीत असतात. म्हणून कागदावरची भिंत प्रत्यक्षात पातळ असते. यावर जादूचा उपाय नाही. निवडून आलेल्याने संघटनेचं पद सोडावं, एवढा संकेत पाळला तरी पुष्कळ. परिषदेवर सरकारने नेमलेले सदस्यही असतात. चौकशीत हितसंबंध आहे असं वाटलं तर तसं लेखी कळवा.

१९. मला संघटनेत जायचंय. पुण्यात चार-पाच तरी आहेत, कोणती निवडू?

नावं घेणार नाही. पण काही गोष्टी विचारून घे: धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज आणि लेखापरीक्षण वेळेवर जातं का, शेवटची निवडणूक कधी झाली, की तेच अध्यक्ष वर्षानुवर्षं आहेत, व्याख्यानांचा खर्च औषध कंपनी उचलते का. आणि एखाद्या रविवारी वर्गणी न भरता मागच्या रांगेत जाऊन बस. मंचावरचे सत्कार आणि केसवरची चर्चा यांत जास्त वेळ कशाला जातो, ते घड्याळ लावून बघ.

२०. होमिओपॅथचं वैद्यकीय प्रमाणपत्र कंपनी नाकारते. संघटना पत्र देईल का?

पत्र देईल, उपयोग होईलच असं नाही. नोंदणीकृत होमिओपॅथला वैद्यकीय आणि तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार २०२० च्या कायद्यात आहे. कंपनीला कायद्याचाच हवाला द्या आणि प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक असल्याची खात्री करा. कंपनीच्या स्वतःच्या सेवानियमांत वेगळी अट असेल तर तो मुद्दा मनुष्यबळ विभागाशीच सोडवावा लागतो.

२१. आमचे डॉक्टर बेळगावात असतात, व्हिडिओ कॉलवर पुण्यातल्या आम्हाला औषध सांगतात. हे चालतं? तक्रार झाली तर कर्नाटकात की महाराष्ट्रात?

दूरसंचाराने सल्ला देण्याची मार्गदर्शक तत्त्वं होमिओपॅथांसाठी २०२० मध्ये आली, तेव्हा नोंदणीकृत डॉक्टरने असा सल्ला देणं नियमबाह्य नाही. पुण्यात येऊन नियमित बसायचं असेल तर मात्र महाराष्ट्र परिषदेत नोंदणी हवी. तक्रार जिथे डॉक्टरची नोंदणी आहे त्या राज्याच्या परिषदेकडे करायची, म्हणजे इथे कर्नाटकात. ग्राहक तक्रार मात्र २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुण्यातच करता येते. कुरियरने आलेल्या डबीवर नाव, तारीख, डॉक्टरचा क्रमांक नसेल तर ती उघडण्याआधी फोटो काढून ठेवा.